कौतुकाची बाजू

त्या रानात प्रत्येक झाडाचा वैद्य वेगळा होता, आणि एका झाडाचं पान दुसऱ्या झाडावर जात नसे. पिल्लू आजारी पडलं की वैद्य त्याचं दुखणं पानावर चोचीने टोचून ठेवी. घरट्याने झाड बदललं की नव्या वैद्याला सगळं पहिल्यापासून सांगा. आणि पान तरी किती टिकणार? चार महिन्यांत वाळून गळायचं, आणि त्याच्याबरोबर पिल्लाची हकिगतही जायची.

सगळ्यात हाल होत ते आकडी येणाऱ्या पिल्लांचे. चांगलं फांदीवर बसलेलं पिल्लू एकाएकी ताठ होई, पंख झाडी आणि खाली पडे. वडावर त्याला आकडी म्हणत, जांभळीवर फेफरं, आणि चिंचेवर 'बाहेरचं आहे' म्हणून मोकळे होत. शिवाय काही पिल्लं अशी, की ती कधी पडली नव्हती, त्यांना पंखही भरघोस फुटत, पण उडणं काही जमत नसे. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं.

रानात एक रीत होती. आईने दुखणं सांगून झालं की शेवटी पिल्लाचं एक कौतुक सांगायचं, नाहीतर नजर लागते. वैद्य ते पानाच्या मागच्या बाजूला टोचत. आईचं मन कशाला मोडा! पुढची बाजू दुखण्याची, मागची कौतुकाची. मागची बाजू आजवर एकाही वैद्याने उलटून पाहिली नव्हती.

अशा रानात एका म्हाताऱ्या कोळिणीने झाडाझाडांमधून धागे ओढायला घेतले. तिला कुणी खायचं नाही असा ठराव झाला होता. ठराव होईपर्यंत तिच्या दोन बहिणी कुणाच्या तरी पोटात गेल्या होत्या, तो भाग वेगळा. प्रत्येक पिल्लामागे एक धागा, आणि पानावर जे असेल त्याची धाग्यावर गाठ. आकडी, फेफरं आणि बाहेरचं या तिन्हींना तिने एकच गाठ ठरवली. त्यावरून वैद्यांमध्ये महिनाभर भांडणं झाली. गाठींवर पिल्लाचं नाव मात्र नसे, धाग्याचं टोक तेवढं त्याच्या घरट्याशी बांधलेलं असे, आणि आईने हो म्हटल्याशिवाय ती धाग्याला हात लावत नसे.

वडाचा वैद्य करकोचा जन्मभर एका पायावर उभा राहिलेला, मोठा मानी. तो म्हणाला, "अहो कोळीणबाई, मागची बाजू कशाला बांधत बसता? ते आपलं आयांचं समाधान!"

"मला आठ डोळे आहेत, बुवा," कोळीण म्हणाली, "पण धाग्याची पुढची बाजू कुठली नि मागची कुठली, ते एकालाही दिसत नाही. जे पानावर दिसलं, ते बांधलं."

तीन वर्षांनी एका दुपारी सगळ्या झाडांचे वैद्य वडावर जमले. करकोच्याने सहज, थोडं खवचटपणेच विचारलं, "पंख असून जी पिल्लं कधी उडाली नाहीत, त्यांच्यात सारखं असं काही सांगतो का तुमचा हा पसारा?" कोळिणीने तेवढेच धागे वेगळे धरले. सात झाडांवरचे दीडशे धागे होते. तिने ते एकदमच हलके ओढले.

रान गुणगुणलं. कुठे एक गाठ वाजली, कुठे दुसरी. पण त्या सगळ्या कलकलाटातून एक सूर शंभराहून जास्त धाग्यांवर एकाच वेळी उठला. वडावरून आला, चिंचेवरून आला, ज्या झाडांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती तिथून आला. वैद्यांच्या अंगावरची पिसं उभी राहिली.

"कसली गाठ ही?" करकोच्याने विचारलं.

"कौतुकाची आहे," कोळीण म्हणाली. "बाळ उठल्या उठल्या नमस्कार करतं."

अरे देवा! हा नमस्कार सगळ्यांनी पाहिला होता. तान्हं पिल्लू जागं झालं की मान खाली घाली, दोन्ही पंख पुढे जुळवी. पुन्हा मान, पुन्हा पंख, दहा-बारा वेळा लागोपाठ. ना पडणं, ना ओरडणं. कोण त्याला आकडी म्हणेल? बघणारे उलट आशीर्वाद देऊन जात. कोळिणीने मग दुसरे धागे ओढले. ज्या नमस्कार करणाऱ्या पिल्लांना नमस्कार सुरू झाल्यापासून पहिल्या आठ दिवसांत, तेही पोट दुखतं म्हणून चुकून, कडू मुळीचा रस मिळाला होता, त्यांतली बरीचशी आज उडत होती. औषध होतं. प्रत्येक झाडाच्या ढोलीत होतं. करकोच्याने दुसरा पाय खाली टेकला.

त्या दिवशी सगळ्या रानात नमस्काराची ताजी गाठ एकच होती. लांबच्या उंबरावर हळदी नावाची पिवळी पक्षीण राही, तिच्या लेकीची, केतकीची. पाच दिवस झाले होते. रोज सकाळी शेजारचे सातभाई गोळा होत आणि म्हणत, "याला म्हणतात संस्कार! नाहीतर आमची कार्टी!" हळदीला आभाळ ठेंगणं झालं होतं. सहाव्या दिवशी करकोचा स्वतः रस घेऊन गेला, तर तिने त्याला फांदीवर बसूही दिलं नाही. "माझ्या लेकीचं चांगलं तुमच्या डोळ्यांत खुपतं का हो? देवाचं नाव घेणाऱ्या पोरीला रोगी ठरवता?"

तो रसाचा द्रोण फांदीवर ठेवून परत फिरला आणि जे झालं ते त्याने वडाखालच्या साळुंकीला सांगितलं. साळुंकीचा मुलगा दौलत तीन वर्षांचा होता. पंख दृष्ट लागावी असे, पण उडत नव्हता. त्याला सोडून ती कुठे जात नसे. ती निघाली ती त्याला घेऊन, गवतातून, पायी. दोन दिवस चालून आठव्या दिवशी सकाळी ती उंबराखाली पोचली. वर सातभाईंचं कौतुक चाललंच होतं.

हळदी खाली आली. समोर दौलत एका नाकतोड्याकडे बघून खुदुखुदु हसत होता.

"माझा दौलतही करायचा गं नमस्कार," साळुंकी म्हणाली. "मीच सगळ्यांना हाका मारमारून दाखवायचे. तेव्हा कुणी सांगायला आलं असतं, तर तुझ्यासारखीच मीही त्याला हाकलून दिलं असतं. पण आलंच नाही कुणी."

हळदीने दौलतच्या पंखांकडे पाहिलं. ती वर गेली आणि तिने केतकीच्या चोचीत रस घातला. केतकीने तो थुंकला. तिने पुन्हा घातला.

दहाव्या दिवशी नमस्कार निम्मे झाले. तेराव्या दिवशी केतकी उठली, तिने आईकडे टक लावून पाहिलं आणि ती भुकेने अशी कर्कश ओरडली की सातभाई दचकले. "हे काय, आज नमस्कार नाही? बिघडली हो पोर!" ते म्हणाले. हळदी ढसाढसा रडली आणि रडता रडता लेकीच्या त्या उर्मट डोक्यावरून चोच फिरवत राहिली. पुढे श्रावणात केतकी उंबरावरून वडापर्यंत एका दमात उडत गेली.

आता कुठल्याही घरट्यात नमस्कार सुरू झाला, की त्या हेलकाव्याने तिथला धागा हलतो, आणि त्या झाडाला लगेच सावध करायला कोळीण जुने धागे ओढते. त्यांतली सर्वांत जुनी गाठ दौलतची आहे, म्हणून थरथर तिथूनच सुटते, आणि तिचा अर्थ आता रानातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. परवा नदीपलीकडच्या कुठल्याशा बाभळीवर एका पिल्लाने पहिल्यांदा मान लववली. त्याची आई हरखून शेजारणींना हाक मारणार, तोच तिच्या पायाखालचा धागा थरथरला आणि ती थांबली.

इकडे वडाखालच्या गवतात दौलतने वर पाहिलं. त्याच्या गाठीतून निघालेला कंप जांभळीवर गेला, चिंचेवर गेला, नदीच्या पाण्यावरून पार दिसेनासा झाला. त्याने दोन्ही पंख पसरले.

"आई," तो म्हणाला, "मी पोचलो."