मुंगसाचा पूल

एका घनदाट जंगलात एक मुंगूस राहत असे आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूल बांधत असे. हसू नका, मुलांनो! पूल खरे नव्हते, पडद्यावरचे होते. त्या जंगलातल्या प्राण्यांना व्हिडिओ गेमचं भारी वेड. झाडाझाडाला पडदा टांगलेला, आणि सगळीकडे एकच खेळ चाललेला, 'बेडकी निघाली माहेरी'. एक हिरवीगार बेडकी डोक्यावर गाठोडं घेऊन आईकडे निघते. वाटेत खड्डे असतात, काटे असतात, मोडके पूल असतात, आणि खेळणाऱ्यानं तिला उड्या मारत मारत माहेरच्या तळ्यात पोचवायचं असतं. बस्स, एवढंच. पण या एवढ्यावर त्या खेळाचे अकरा भाग निघाले होते! दर थंडीला नवा भाग आणि नवी वाट. म्हातारी अस्वलंसुद्धा छाती फुगवून सांगायची, "मी पहिल्या भागापासून खेळतोय म्हटलं!"

हा खेळ तयार व्हायचा एका वडाच्या ढोलीत. तिथे एक वयोवृद्ध कासव दिग्दर्शक होतं. दिग्दर्शक म्हणजे खेळाचा कारभारी. बेडकी कुठून जाणार, काय करणार, कोणता टप्पा ठेवायचा आणि कोणता काढून टाकायचा, यात शेवटचा शब्द त्याचा. सगळे त्यांना कासवकाका म्हणत. आणि आपलं मुंगूस? ते टप्पे बांधायचं. त्यातही पुलांत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. जंगलातली पोरंटोरं नवा भाग हातात पडला की आधी विचारायची, "यंदा मुंगसाचा पूल कितव्या टप्प्यावर आहे रे?" हे कानावर आलं की मुंगसाची शेपटी दुप्पट फुगायची.

अकरावा भाग झाला आणि कासवकाका म्हणाले, "आता पुरे. डोळे थकले. बारावा भाग दुसऱ्या कुणीतरी करावा." झालं! मुंगसाच्या मनात लाडू फुटू लागले. दुसरं कुणीतरी म्हणजे कोण? आपणच की! अकरा वर्षं इथे कोण घासतंय? ढोलीत कुणी नसलं की ते हळूच काकांच्या खुर्चीत बसून बघायचं आणि आपल्याशीच पुटपुटायचं, "अंहं, हा टप्पा नको, काढा तो." आवाजसुद्धा काकांसारखा जड काढायचं. मग बाहेर पाऊल वाजलं की टुणकन खाली उतरायचं.

आणि ठरलेल्या दिवशी कासवकाका आले ते एका खंड्या पक्ष्याला बरोबर घेऊनच. पलीकडच्या नदीकाठच्या जंगलातला तो खंड्या. निळे पंख, लांब चोच, अंगानं मूठभर. "हे तुमचे नवे दिग्दर्शक," काका म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंगसानंही वाजवल्या, पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कालचं पोर! बेडकीच्या वाटेवरचा एक खड्डा तरी खणलाय का यानं?

सगळे पांगल्यावर मुंगसानं काकांना गाठलं. "काका, खरं सांगा, माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही बाबा," काका म्हणाले. "तुझ्यासारखे पूल कुणाला जमत नाहीत. पण तू तुझ्या पुलापाशी थांबतोस. आईच्या तळ्यापर्यंतची सबंध वाट बघणारा कुणीतरी हवा होता. हा बघतो. तू त्याला सांभाळून घे."

यातलं पहिलं वाक्य मुंगसानं ऐकलंच नाही. शेवटचं मात्र त्याच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. सांभाळून घे म्हणे! मी? याला?

खंड्या स्वभावानं वाईट असता तर मुंगसाला किती बरं वाटलं असतं! पण तो होता गोड. आल्या दिवसापासून 'मुंगूसदादा, मुंगूसदादा' करत मागे असायचा. त्यानं एक नवीच कल्पना काढली. अकरा भाग बेडकी नुसती उड्या मारत होती, आता बाराव्या भागात तिनं पाण्यात सूर मारायचा! पाण्याखालून वाट काढायची, शेवाळातून, माशांच्या पोटाखालून. ऐकून ढोलीतले सगळे नाचू लागले. मुंगूस तेवढं कोपऱ्यात नाक मुरडत बसलं. "बेडकीला बुडवायला निघालाय," ते मनाशी म्हणालं. पण आतून त्याला चांगलं ठाऊक होतं की कल्पना झकास आहे. ती आपल्याला का सुचली नाही, हेच तर त्याचं दुखणं होतं.

मत्सर मोठा कष्टाळू असतो बघा, मुलांनो. तो सुट्टी म्हणून घेत नाही. खंड्याचं कुणी कौतुक केलं की मुंगसाला जेवण जायचं नाही. खंड्या हसला की वाटायचं, आपल्यालाच हसला. शेवटी मुंगसानं ठरवलं, यंदा असा पूल बांधायचा की बघणाऱ्याचे डोळे फिरले पाहिजेत. सूर-बीर सगळं विसरून जंगलानं म्हटलं पाहिजे, खरा कारागीर तो मुंगूसच.

तिसऱ्या टप्प्यावर त्यानं पूल टाकला. खोल दरी, वर वीस फळ्यांचा झुलता पूल. बेडकीनं फळीवर पाय ठेवला की मागची फळी खाली पडायची. दरवर्षी अशा फळ्या सावकाश पडायच्या. यंदा त्यानं त्या पटापट पडायला लावल्या. स्वतः खेळून बघितलं, झटक्यात पार! मुंगूसच ते, त्याला काय उशीर? खंड्यानंही खेळून बघितलं. मासा टिपणारी त्याची नजर, तोही एका दमात पलीकडे. तो मनापासून ओरडला, "वा मुंगूसदादा, वा! असा पूल मी जन्मात बघितला नाही." आणि या कौतुकानंसुद्धा मुंगसाचा जळफळाटच झाला. कौतुक करायला हा कोण लागून गेला?

आता त्या ढोलीतली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. नवा भाग तयार झाला की तो बाहेर जाण्याआधी एक गोगलगाय येऊन तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायची. याला सगळे 'पहिला हात' म्हणत. ती शिंगांनी हळूहळू कळ दाबायची. चार चार दिवस लागायचे. तेवढे दिवस कासवकाका तिच्या मागे मुकाट बसून राहायचे. 'उडी मार', 'डावीकडे वळ', एक अक्षर कुणी बोलायचं नाही. ती जिथे अडकेल ती जागा काका एका पानावर लिहायचे आणि ते पान गुपचूप मुंगसाला द्यायचे. 'हा खड्डा अर्धा कर.' 'ही फळी थोडी उशिरा पाड.' मुंगूस कुरकुरत तेवढं सुधारायचं. ती पानं फक्त त्याच्याच हाती पडायची, म्हणून पहिला हात कशासाठी असतो हे ढोलीत काकांखेरीज एकट्या त्यालाच माहीत होतं. बाकीच्यांना वाटायचं, म्हातारबाबांची हौस आहे, चालू द्या.

थंडी तोंडावर आली. खंड्याची धांदल उडाली होती. तो मुंगसाकडे येऊन म्हणाला, "दादा, गोगलगाईला बसवायचं म्हणजे चार दिवस जाणार. ही रीत नक्की कशासाठी आहे? गरजेची असेल तर मी खेळ चार दिवस उशिरा काढीन. तुम्ही सांगाल तसं करतो."

मुंगसाच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. खोटं कशाला सांगू, अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, पाण्यातला सूर कुणी आधी खेळून बघितला नाही तर प्राणी गोंधळतील, चिडतील, आणि या दीडशहाण्याचा चांगला फज्जा उडेल! मग काका येतील, आणि खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हणतील, बस बाबा. त्यानं उत्तर गिळलं आणि अगदी साळसूदपणे म्हणालं, "छे हो साहेब, काही नाही. काकांची जुनी सवय. तुम्ही खुशाल काढा खेळ."

"बरं झालं विचारलं," खंड्या म्हणाला आणि भुर्रकन उडून गेला.

कावळ्यांनी बारावा भाग घरोघर पोचवला. मुंगूस आंब्याच्या फांदीवर कान टवकारून बसलं. आता ओरडा होणार! आणि झालाच. पण तो ऐकून मुंगसाच्या पायाखालची जमीन सरकली.

"अहो, या पुलावरून जायचं कसं?" अस्वल गुरगुरत होतं. "पाय ठेवतोय तोवर फळी गायब!"

रानडुकराची बायको रडकुंडीला आली होती. "सकाळपासून तीसदा पडली हो माझी बेडकी. अकरा वर्षं मी तिला माहेरी पोचवली, आणि यंदा दरीत लोटतेय!"

ससे आणि खारी तेवढ्या पार झाल्या. त्या सांगत होत्या, "पलीकडे पाण्यातला सूर काय सुंदर आहे! तिथवर या तरी!" पण येणार कसं? म्हशी, अस्वलं, घोरपडी, म्हातारी वानरं, निम्म्याहून जास्त जंगल तिसऱ्या टप्प्यावर अडकलं होतं. जो तो विचारत होता, "हा पूल कुणाचा?" आणि जो तो उत्तर देत होता, "मुंगसाचा!" अकरा वर्षं ज्या नावानं शेपटी फुगायची, तेच नाव आता शिवीसारखं घेतलं जात होतं. मुंगूस पानाआड लपून बसलं.

तिसऱ्या दिवशी कासवकाका हळूहळू चालत ढोलीत आले. तेही घरी खेळायला बसले होते, आणि तेही पुलावर अडकले होते.

"पहिला हात दिला होता का गोगलगाईला?" त्यांनी विचारलं.

मुंगसानं खंड्याकडे चोरून बघितलं. आता हा माझं नाव सांगणार, सगळ्यांसमोर.

खंड्या मान खाली घालून म्हणाला, "नाही दिला, काका. घाई केली. दिग्दर्शक मी, तेव्हा चूक माझी."

काकांनी मुंगसाकडे बघितलं. "तू काही बोलला नाहीस याला?"

अजूनही वेळ होती, मुलांनो. एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. पण मुंगूस जमिनीकडे बघत राहिलं. लाजही वाटत होती त्याला, आणि रागही येत होता. मला वाचवतोय! आता याचे उपकारसुद्धा मीच घेऊ का?

पूल दुरुस्त झाला, पण तो घरोघर जायला पंधरा दिवस लागले. तोवर पडद्यांवर धूळ साचली होती. "राहू दे ती बेडकी," प्राणी म्हणाले, "आम्हाला आता उमेद नाही." खंड्यानं खुर्ची सोडली, सगळ्यांचा निरोप घेतला. मुंगसासमोर येऊन म्हणाला, "दादा, येतो. पूल खरंच छान होता. थोडा सावकाश हवा होता, एवढंच." आणि तो नदीकाठी निघून गेला. काकांचं वय झालेलं, दुसरं कुणी तयार होईना. अखेर खुर्ची मुंगसाला मिळाली. जिच्यासाठी जीव जाळला तीच खुर्ची!

मुंगसानं तेरावा भाग काढला. फार मेहनत घेतली, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. मागच्या चुकीची धास्ती घेऊन त्यानं गोगलगाईकडून तो दोनदा खेळून घेतला. एकही फळी लवकर पडत नव्हती. खेळ पाठवायच्या दिवशी त्यानं कावळ्याला विचारलं, "किती घरांनी मागितला?"

"सात," कावळा म्हणाला.

"सातशे?"

"नाही हो, सात. त्यातलं एक घर कासवकाकांचं." कावळा जरा घुटमळला. "बाकी सगळे सध्या नदीकाठी जातात. खंड्यानं नवा खेळ काढलाय, पाणमांजराचा. पाण्यात सूर मारत जायचं असतं. फार मजा येते म्हणे. मीसुद्धा आत्ता तिकडेच निघालोय."

कावळा उडाला. मुंगूस त्या मोठ्या खुर्चीत एकटंच बसून राहिलं. नदीकडून वाऱ्याबरोबर हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. अस्वलाचा गडगडाट तर स्पष्ट ओळखू येत होता. आणि मुंगसाच्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? पश्चात्तापाचा? छे! ते दात खाऊन पुटपुटलं, "त्या खंड्याचंच नशीब बघा कसं!"

तात्पर्य : दुसऱ्याची फजिती बघायला मिळावी म्हणून जो माहीत असलेली गोष्ट दडवतो, तो आधी स्वतःचंच काम बुडवतो, आणि हवी ती जागा मिळाली तरी मत्सर करणाऱ्याच्या जिवाला सुख लाभत नाही.