आधी ओवाळू सगुणा

एक होतं गाव. गावाला नदी, नदीकाठी नाथाचं देऊळ आणि देवळाला एक मास्तर. म्हणजे मास्तर खरे शाळेचे. पण निवृत्त झाल्यावर देवस्थानचे अध्यक्ष झाले आणि देवालाच शिकवायला निघाले!

त्या देवळातली आरती सुरू व्हायची ती अशी: ‘आधी ओवाळू सगुणा, मग ओवाळू नाथा.’ लहानथोर सगळे घसा फोडून हेच म्हणायचे. मास्तरांच्या कानाला मात्र ते खटकायचं.

“अहो, ‘सगुणा’ काय? देव सगुण, देव निर्गुण! ‘सगुण रूपा’ म्हणा. जत्रेला बाहेरची माणसं येतात, हसतील की आपल्याला!”

“असेल बुवा,” गाव म्हणालं. त्या शब्दाचा अर्थ कुणालाच सांगता येईना. मग काय, मास्तरांनी आरती शुद्ध करून छापली, रोज भोंग्यावर लावली आणि कुणाच्या तोंडून जुना शब्द निसटला की चारचौघांत टोकलं. जत्रेपर्यंत नवी ओळ गावाला तोंडपाठ झाली.

जत्रेत पहिली पणती नदीपलीकडच्या कुंभारांची असे. त्याही वर्षी ते आले. आरतीची पहिली ओळ झाली मात्र, त्यांच्यातली वडीलधारी गौराकाकू चपापली. पणती तिथंच ठेवून ती आपल्या माणसांना घेऊन निघून गेली.

मास्तरांना चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी ते नदी ओलांडून गेले.

“काकू, प्रसादसुद्धा न घेता गेलात. काही चुकलं का आमचं?”

“आरतीतून आमच्या सगुणाआजीचं नाव पुसलंत, मास्तर.”

“कोण सगुणाआजी?” मास्तरांनी विचारलं. काकू सांगू लागली, “फार पूर्वी देवळावर लुटारू आले, तेव्हा तिनं नाथाची मूर्ती आपल्या भट्टीत लपवली. वर मडकी रचली आणि जाळ केला. मार मार मारलं तिला, पण बोलली नाही. त्यातच गेली बिचारी. म्हणून आधी ती, मग नाथ. तुमच्याच वाडवडलांनी ठरवलं होतं हे.”

“अहो, मग आजवर कधी सांगितलं का नाहीत?”

“सांगायचं काय त्यात? दरसाल तुम्हीच तर म्हणत होता. आम्हाला वाटलं, गावाला ठाऊक आहे.”

मास्तरांनी गावापुढं चूक कबूल केली, भोंगा काढला, छापलेल्या प्रती परत घेतल्या. “एकदा या, काकू,” म्हणून हात जोडले. त्यांचा शब्द राखायला ती आली.

आरती सुरू झाली. निम्मं गाव ‘सगुणा’ म्हणालं, निम्मं ‘सगुण रूपा’. मास्तरांनी थांबवलं, पुन्हा म्हणवलं; पुन्हा तीच खिचडी. लहान मुलं तर एका सुरात नवीच ओळ म्हणत होती. त्यांना जुनी आठवतच नव्हती.

“राहू दे,” काकू म्हणाली. “तुम्ही एकटेच म्हणा, मास्तर. तेवढं ऐकते आणि जाते.”

मास्तरांनी डोळे मिटले. अगदी मनापासून सूर लावला आणि तोंडातून आलं, ‘आधी ओवाळू सगुण रूपा…’



“शिकवणी पक्की हो तुमची,” काकू हलकेच म्हणाली आणि उठली. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

तात्पर्य एवढंच: सगळ्यांच्या तोंडी बसलेला शब्द चुकीचा वाटला, तर खोडण्याआधी तो कुणाचा आहे हे विचारावं. पुसलेलं नाव पुन्हा लिहिता येतं. पुन्हा तोंडी बसतंच असं नाही.