पातं आणि हरळी

डोंगरावरचं गोल्फचं मैदान नवं होतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला आपल्या धारेचा भारी अभिमान. हिवाळाभर त्याने हरळी गालिच्यासारखी राखली. खेळणारे वाहवा करत.

उन्हाळा तापला तशी हरळी म्हणाली, "दादा, आता जरा वाढू दे मला. माझ्या मुळांना सावली हवी."

"चेंडू अडला तर लोक मला नावं ठेवतील," असं म्हणत पातं रोज आणखी खालून कापत राहिलं. हरळी मुळापासून सुकत गेली.

पावसाळा आला. भोवतालचं रान हिरवं झालं, मैदान मात्र उघडंबोडकंच राहिलं. पातं कोपऱ्याकोपऱ्यात फिरलं.

"हरळे, अगं, हवी तेवढी वाढ!" ते हाका मारत होतं. त्याला नुसता चिखल लागत होता.