राजकन्येचा दुसरा कान

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता. नाव धैर्यसेन, पण लेकीचे रडणे ऐकले की त्याचा धीर सुटे. जन्माच्या बाराव्या दिवशी सोनाराने राजकन्या कुवलयेचा एक कान टोचला, ती किंचाळली, तसे राजाने सोनाराला हाकलून दिले आणि कालजंघ मांत्रिकाला बोलावून हुकूम सोडला की हिला वेदनाच नको. मांत्रिकाने तिच्या अंगातले वेदनेची वर्दी नेणारे सारे जासूद पकडून चांदीच्या डबीत कोंडले.

मूल रडेना, राजा खूश. पण सहा वर्षांची कुवलया पेटत्या समईत बोट धरून खुशाल गाणी म्हणे. एकदा तिला ताप चढला. कुठे दुखते असे वैद्याने विचारले, तर हसून म्हणाली, "कुठेच नाही." ताप उतरेना. लेक हातची जाते की काय, म्हणून राजाच्या तोंडचे पाणी पळाले.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "महाराज, बोट पोळले की जासूद धावतो. पाठीच्या कण्यात ठाणेदार बसतो. तो हुकमाची वाट पाहत नाही. हात आधी मागे घेतो, मस्तकातल्या दरबारी वर्दी मागाहून जाते. तुम्ही जासूदच कोंडलेत."

राजा डबी मागायला एकटाच मांत्रिकाच्या डोंगरावर गेला. मांत्रिकाने डबी दिली आणि बजावले, की वाटेत तीन वळणांवर लेकीचे टळलेले दुखणे तुला भोगावे लागेल, डबी हातून सुटली तर कायमची मिटेल. मागोमाग उडत आलेली साळुंकी म्हणाली, "तुमचा ठाणेदार तुम्हाला न विचारता ती टाकील. शेल्याने मुठीला बांधा."

पहिल्या वळणावर हात असा होरपळला की बोटे आपोआप उघडली. शेल्याने डबी धरून ठेवली. दुसऱ्यावर लेकीच्या नकळत मोडलेल्या करंगळीची कळ आली, राजा भर रस्त्यात रडला. तिसऱ्यावर राहिलेल्या कानाची सुई टोचली. मुंगी चावावी तेवढेच दुखले. एवढ्यासाठी आपण पोरीचा जीव धोक्यात घातला, याची त्याला फार लाज वाटली.

महालात डबी उघडली. कुवलयेने झटक्यात डावा पाय आखडला आणि मग टाहो फोडला, "बाबा, इथे दुखतंय." वैद्याने टाचेतून बोटभर काटा काढला. संध्याकाळपर्यंत ताप उतरला, राजाचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याने मानाने सोनाराला बोलावून दुसरा कान टोचला. कुवलया भोकाड पसरून रडली. या खेपेस राजा जागचा हलला नाही. "रड बाळ, पोटभर रड," एवढेच तो म्हणाला.

त्या राज्यात अजूनही कान टोचताना मूल रडले की घरोघर साखर वाटतात.