तिसऱ्याची गाठ

घाटमाथ्यावरच्या एका गावात, बालवाडीत शिकवणारी एक तरुण मुलगी होती. एका सकाळी रस्त्यावरच्या धुळीत तिला एक बारीक, नागमोडी रेघ दिसली आणि ती दोन हात मागे उडाली.

"साप गेला वाटतं!" ती स्वतःशीच म्हणाली.

तालुक्याला कॉलेज करून आली होती, पण स्वभाव भित्रा. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. तरीही तिने जीव मुठीत धरून त्या रेघेचा माग काढला. रेघ लाकडाच्या वखारीपासून निघाली होती आणि घाटाच्या तोंडाशी, नाक्यावर उभ्या असलेल्या मालट्रकपाशी संपली होती. ट्रक ओंडक्यांनी शिगोशीग भरलेला. त्याच्या मधल्या दोराचं टोक सुटून जमिनीवर लोळत होतं. साप नव्हता. पण तिला वाटलं, साप असता तर बरं झालं असतं.

त्या गावात ट्रकला तीन गाठी मारायची रीत होती. पुढची भरणाऱ्या हमालाने मारायची, मधली ड्रायव्हरने आणि मागची नाकेदाराने. तिघांनी मारली म्हणजे माल हलायचा नाही, असं गाव अभिमानाने सांगायचं. आणि एकाच्या गाठीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. लावला, तर तो मोठा अपमान.

तिघेही नाक्यावर चहा पीत बसले होते.

"दादा, दोर सुटलाय. मला तर आधी सापच वाटला," मुलगी हमालाला म्हणाली.

"माझी पुढची गाठ. ती बघा, कशी आवळलीय," हमाल म्हणाला. खरं म्हणजे त्यानेही ती घाईत मारली होती. मागे दोन गाठी आहेतच की, म्हणून.

ड्रायव्हरने उठून लोंबणारं टोक उचललं आणि ओंडक्यांच्या फटीत खोचलं. "घ्या ताई, गेला तुमचा साप बिळात! मागची गाठ पडली की सगळं बसतं जागेवर."

नाकेदाराने एका हातात चहाचा पेला धरून दुसऱ्या हाताने मागच्या दोराला वेढा दिला. "पुढच्या दोन घट्ट असल्या की तिसरी नावापुरतीच असते, पोरी."

एवढ्यात दूधवाला मोटरसायकलवरून आला. सापाची गंमत त्याला लगेच कुणीतरी सांगितली. "ताई, सापाला दूध पाजू का थोडं?" तो म्हणाला आणि सगळे खो खो हसले. हसतहसतच तो कॅन खडखडवत घाट उतरू लागला.

मुलगी ट्रकच्या मागे गेली. वरचा एक ओंडका वीतभर बाहेर आला होता. तिने नाकेदाराच्या गाठीला हात लावला. गाठ इतकी ढिली होती, की तिची दोन बोटं आत गेली. आवळायला क्षणभर पुरला असता. खाली तिसऱ्या वळणावर तिचे आप्पा पेरूची टोपली घेऊन बसतात, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

"अगं ए, हात काढ!" नाकेदार ओरडला. "माझी गाठ सोडवायला निघालीस होय?"

ती दचकली. बोटं आपोआप बाहेर आली. आपण उगाचच घाबरतो, सगळेच म्हणतात, असं म्हणून ती बाजूला झाली. ड्रायव्हर आणि हमाल गाडीत चढले. ट्रक निघाला.

पहिल्याच वळणावर आवाज झाला. आधी कर्रर्र, मग जणू डोंगरच अंगावर आल्यासारखा धडधडाट. ओंडके एकावर एक आपटत, उसळत उताराने खाली गेले आणि धुळीत दिसेनासे झाले.

ती पळत वळणावर पोचली. मागोमाग नाकेदार. ड्रायव्हर आणि हमाल खाली उतरले होते. रिकाम्या ट्रकच्या बाजूने तिन्ही दोर लोंबत होते.

"तुझी गाठ सुटली!" ड्रायव्हर हमालावर ओरडला.

"माझी? मधली कुणाची होती?"

"शेवटची गाठ नाक्याची असते! नाकेदाराला विचारा!"

"भरतानाच नीट भरलं असतं तर?" नाकेदार म्हणाला.

मुलीने आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. त्यांना अजून दोराचा काथ्या चिकटलेला होता. हे तिघे एकमेकांकडे बोट दाखवत होते, पण गाठ किती ढिली आहे हे तिच्याइतकं कुणाला कळलं होतं?

ती कठड्यावर वाकली. खाली नुसती धूळ.

"आप्पा!"

दरीतून तिचाच आवाज परत आला.

"आप्पा, ओ द्या हो!"

काही नाही. एक दुधाचा कॅन मात्र कुठेतरी खाली ठणठणत गेला आणि थांबला. मागे भांडण चालूच होतं.

ती गर्रकन वळली. "गप्प बसा!" जन्मात ती एवढ्या जोराने बोलली नव्हती. "चौथी मी! मला ढिली लागली होती आणि मी हात काढला! आता गप्प बसा, मला ऐकू द्या!"

तिघेही गप्प झाले. घाट शांत झाला. तिने छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

"आप्पाऽऽ!"

आणि खालून, खोलवरून, खोकत खोकत आवाज आला:

"ओऽऽ! मी आहे गं पोरी! पण दूधवाला कड्याला लटकलाय, झुडूप धरून! दोर आणा! आणि ह्या वेळी तरी नीट बांधा रे!"

तात्पर्य: ढिली गाठ कुणीही मारलेली असो, ज्याला ती ढिली दिसली, त्या क्षणापासून ती त्याचीही असते.