भाकरीसारखं वर्तुळ

माझी शाळा सातवीतच सुटली, म्हणून शब्द साधे आहेत. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

"आता तरी भरलं ना, सर?" उपेंद्रनं विचारलं.

काझीसरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळे स्क्रीनजवळ नेले…

मिरजेत एका जुन्या दालनात बसून काझीसर गारांचं गणित मांडत. ढगात गार कशी वाढते, ते कॉम्प्युटरवर दाखवायचं. गार म्हणजे भरीव गोळा. पण शिकायला येईल त्याला सर आधी साधं भरीव वर्तुळ करायला सांगत. ज्याला ते जमत नाही त्याला संध्याकाळच्या गाडीत बसवतात, असं पुण्यात बोललं जाई. उपेंद्र तर तिथली नोकरी सोडून आला होता. त्याला परतायला जागा नव्हती.

पहिल्यांदा त्यानं परिघावर ठिपके मांडले. सर म्हणाले, "ही बांगडी झाली. मी भाकरी मागितली होती."

मग त्यानं वर्तुळात वर्तुळं घातली, पार आतपर्यंत. सरांनी चित्र मोठं केलं, तर मधे बारीक भोकं. जाळी छान पडलीय, आंबोळ्या विकायला बस, असं म्हणून सर हसले.

उपेंद्रनं दात आवळले. केंद्रापासून वाटेल त्या दिशेला, वाटेल तितक्या अंतरावर हजारो ठिपके फेकले. तेच आता समोर होतं.

"मध्यात जत्रा," सर म्हणाले. "कडेला चिटपाखरू नाही."

"मग आणखी टाकतो. लाख टाकतो."

"टाक. जत्राच वाढेल. मध्यात जागा थोडी, कडेला जास्त."

उपेंद्रचा चेहरा उतरला, पण तो खुर्चीवरून हलला नाही. जमेपर्यंत उठणार नाही, म्हणाला.

सरांनी खणातून सुतळी काढली. दालनाच्या मधोमध मांडी घालून बसले, एक टोक जमिनीवर दाबून धरलं, दुसरं उपेंद्रच्या हाती दिलं. खाली चौकोनी शहाबादी फरशा होत्या. प्रत्येक फरशीपाशी जायचं. सुतळी तिच्या मध्यापर्यंत पोचली तर खडूनं पांढरी करायची, नाही तर सोडून द्यायची. सांगणं एवढंच.

उपेंद्र वाकून कामाला लागला. कोपऱ्याजवळ आल्यावर मात्र त्यानं पाठ सरळ केली.

"या बाहेरच आहेत, सर. दिसतंय की."

"कुणाला?"

"मला."

"तुझ्या प्रोग्रॅमला डोळे कुठेत?"

…तो पुन्हा वाकला. कोपऱ्यातल्या एकेका फरशीकडे सुतळी ताणून पाहिली. नाही पोचली. पुढची. गुडघे सोलवटले, तरी एक फरशी चुकवली नाही. शेवटी सर उठले आणि स्वतःच्या बुडाखालची फरशीही त्याच्याकडून रंगवून घेतली.

उपेंद्रनं दारात जाऊन वळून पाहिलं. जमिनीवर पांढरं वर्तुळ, गच्च भरलेलं. कुठे भोक नाही, कुठे जत्रा नाही. कडा तेवढी करवतीसारखी. फरशा लहान असत्या तर तीही सुधारली असती, हे त्याचं त्यालाच कळलं.

"परीघ तर काढलाच नाही," तो पुटपुटला.

"काढायचा असतो होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उपेंद्रनं जुनं सगळं पुसून टाकलं. बारीक चौकटींची जाळी घेतली, तिच्यावर थर चढवत नेले. प्रत्येक चौकटीला एकच विचारलं, केंद्रापासून तुझं अंतर त्रिज्येच्या आत आहे का? हो म्हणेल ती भरली. गोळा उभा राहिला. त्यानं तो स्क्रीनवर मधोमध कापून दाखवला. आतही भरीव.

सरांनी मान हलवली आणि दोन कपांत चहा ओतला.

उपेंद्र उभाच होता.

"सर… मग मी राहू ना इथं?"

सरांनी एक कप त्याच्यापुढे सरकवला.

"गाडीचं पुण्यातले बोलतात, मी नाही. पहिल्याच दिवशी का नाही विचारलंस?"