डब्यातली मेथी

जिथं पूर्वी बॅटऱ्यांचा कारखाना होता, तिथं दळवीसाहेबांनी टुमदार घरं बांधली. त्या मातीत शिसं मुरलंय, हे साहेबांना ठाऊक होतं आणि म्हाताऱ्या राखणदार भागुजीलाही. साहेबांनी त्याला बजावलं होतं, "गिऱ्हाइकापुढं मातीबद्दल एक शब्द काढलास, तर नोकरी गेली समज."

भागुजीने मान डोलावली. आपली मेथी मात्र त्याने गावाकडची माती आणून तेलाच्या डब्यांत लावली. दर रविवारी एक जुडी तो साहेबांना देई आणि साहेब न चुकता विचारत, "डब्यातलीच ना रे?"

एका रविवारी वर्षाबाई नावाच्या शिक्षिका घर बघायला आल्या. "इथली माती म्हणजे सोनं, बाई," साहेब सांगत होते. बाईंची चिमुरडी अंगणात मातीचे लाडू वळत होती आणि मधेच बोटं चाटत होती. भागुजीला ते बघवेना. तो जुडी घेऊन साहेबांपुढं उभा राहिला.

"साहेब, तुमच्या नातवंडांसाठी. आज डब्यातली नाही, ह्या अंगणातली आणलीय."

साहेबांनी झटकन हात मागे घेतला. "टाकून दे ती."

"का हो?" बाईंनी विचारलं. साहेब घाईने घराच्या दाराकडे निघाले. बाई भागुजीकडे वळल्या.

भागुजी सावकाश म्हणाला, "बाई, मातीवर बोलायची मनाई मला आहे. साहेबांना नाही."

मग साहेबांना सगळं सांगावंच लागलं. बाईंनी लेकीला उचललं. भागुजीने आपल्या कळशीतल्या पाण्याने तिचे हात धुतले आणि जुडी बाईंच्या पिशवीत ठेवली.

"न्या खुशाल," तो म्हणाला. "डब्यातलीच आहे."